वारुळासारखा चढणारा बर्फ

प्रश्न

थंड प्रदेशात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घरातला जुना गॅसचा बॉयलर काढून हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घर तापवणारं विजेचं यंत्र, बसवला. हट्ट त्यांचाच होता, सासरे तेव्हापासून नाराज आहेत. पहिला हिवाळा सौम्य गेला, काही जाणवलंच नाही. यंदा मात्र बाहेरचं युनिट रोज पांढरंफटक पडतं. मध्येच घरातले रेडिएटर कोमट होतात, बाहेरून कुणी मोठा सुस्कारा सोडावा तसा आवाज येतो आणि युनिटमधून वाफेचे लोट उठतात. एका पहाटे सासूबाईंना ती वाफ धूर वाटली आणि त्यांनी सगळ्या घराला झोपेतून उठवून अंगणात काढलं.

आता नवरा रात्री दोनचा गजर लावतो, कोट चढवून बाहेर जातो आणि स्क्रूड्रायव्हरने बर्फ टोकरतो. बर्फ पडू नये म्हणून युनिटवर ताडपत्री टाकून पाहिली. कडाका फार असेल त्या रात्री बाहेरच्या स्विचवरूनच युनिट बंद करून सगळे दोन-दोन पांघरुणं घेऊन झोपतात आणि सकाळी थर्मोस्टॅट एकदम वर चढवतात. वीज वाचावी म्हणून रिकाम्या खोल्यांमधले रेडिएटरही बंद ठेवले आहेत. सासरे रोज म्हणतात, "थंडीत चालत नाही ते थंडीचं यंत्र कसलं?" बाईंचा प्रश्न असा: "मीच आणलं, तर आता मीच काढून टाकू का? की दर हिवाळ्यात कुणीतरी रात्री उठून बर्फ फोडत बसायचं?" पत्राच्या शेवटी, जाता जाता, त्यांनी एक वाक्य लिहिलं आहे: "बर्फ वरून साचत नाही हो, खालून वर चढत येतो, वारुळासारखा."

उत्तर

सगळ्यात आधी तो स्क्रूड्रायव्हर आत आणून ठेवा. हे वाचून झालं की लगेच. बाकीचं सावकाश बोलू.

बाहेरच्या युनिटच्या मागे जी जाळी दिसते तिच्या आत नळ्या असतात आणि त्या नळ्यांवर ॲल्युमिनियमचे कागदासारखे पातळ पत्रे ओवलेले असतात. दोन पत्र्यांमधली फट जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची. बर्फात खुपसलेलं टोक आत कुठवर गेलं, हे रात्री दोनला बॅटरीच्या उजेडात कळत नाही. पत्रे वाकले की तेवढ्या भागातून हवा जायची थांबते, आणि जिथे हवा कमी तिथे बर्फ आधी धरतो. पत्र्यांवरून पाणी पटकन ओघळावं म्हणून त्यांना बहुधा एक पातळ लेप दिलेला असतो. तो खरवडला गेला की पाणी थेंबाथेंबाने अडून राहतं आणि जागेवरच गोठतं. नळीला भोक पडलं तर आत फिरणारा, उष्णता वाहून नेणारा गॅस निघून जातो, आणि ती दुरुस्ती घरच्या घरी होण्यासारखी नाही. तुमचे यजमान झोप मोडून जे करताहेत त्याने उद्याचा बर्फ वाढतो आहे. त्यांची कळकळ पत्रातूनही पोचली, म्हणूनच हे इतकं स्पष्ट लिहिते.

आता मूळ मुद्दा. बर्फ धरला म्हणजे यंत्र बिघडलं, असं तुमच्या घरात सगळ्यांनीच गृहीत धरलेलं दिसतं. सासरे ते बोलून दाखवतात आणि तुम्ही मनात ठेवता, एवढाच फरक. पण हीट पंपाचं कामच बाहेरच्या हवेतून उष्णता काढून घ्यायचं आहे. उष्णता आपणहून जाते ती जास्त गरमाकडून कमी गरमाकडे. म्हणून हवेतून ती घ्यायची तर कॉइल, म्हणजे त्या नळ्या आणि पत्रे, हवेपेक्षा थंड असायलाच हवी. बाहेर ३ अंश सेल्सिअस असतं तेव्हा कॉइल शून्याच्या खाली गेलेली असते, आणि दमट हवा तिला लागली की हवेतली वाफ तिच्यावर दहिवर होऊन बसते. हे नव्या यंत्रात होतं, महागड्या यंत्रात होतं, उत्तम बसवलेल्या यंत्रातही होतं. सगळ्या पत्र्यांवर सारखा पसरलेला पातळ पांढरा थर दिसला तर तुमचं युनिट आपलं काम करतंय, इतकंच समजा.

सासऱ्यांच्या प्रश्नाला खरंखुरं उत्तर द्यायला हवं, कारण प्रश्न रास्त आहे. या यंत्रांत जो गॅस फिरतो तो फार कमी तापमानाला उकळतो. आर-३२ हा गॅस नेहमीच्या हवेच्या दाबाला उणे ५२ अंशांना उकळतो, आर-२९० म्हणजे प्रोपेन उणे ४२ ला. त्यांच्या लेखी उणे १५ ची हवासुद्धा ऊबच. युरोपात घरांच्या मानाने सर्वांत जास्त हीट पंप नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमध्ये आहेत, आणि तिथले हिवाळे काही सौम्य नसतात. म्हणजे यंत्र थंडीत चालतं. मात्र ते कुठे बसवलंय, त्याच्या तळाशी काय चाललंय, यावर बरंच अवलंबून असतं, आणि बसवताना याकडे नेमकं दुर्लक्ष होतं.

दुसरा एक समज तुमच्या पत्रात आहे आणि तो जवळजवळ सगळ्यांचा असतो: थंडी जितकी कडक तितका बर्फ जास्त. म्हणून तुम्ही सगळ्यात गारठ्याच्या रात्री युनिट बंद करता. प्रत्यक्षात उलट होतं. एक घनमीटर हवेत ५ अंशांना जास्तीत जास्त सुमारे ६.८ ग्रॅम वाफ मावते, शून्याला ४.८ ग्रॅम आणि उणे १५ ला जेमतेम दीड ग्रॅम. कडाक्याची हवा कोरडी असते, तिच्याकडे कॉइलवर टाकायला पाणीच फारसं नसतं. बर्फाचे खरे दिवस म्हणजे शून्याच्या आसपासचे, धुक्याचे, रिमझिम पावसाचे, ओल्या हिमाचे. बाहेर उणे २ ते ५ अंश आणि हवेत ओल असेल, तर युनिट पांढरं होणारच. तारखा लिहून ठेवल्या असत्या तर तुमच्याही हे लक्षात आलं असतं, असा माझा अंदाज आहे.

किती पाणी असतं म्हणता? घरगुती युनिटचा पंखा तासाला काही हजार घनमीटर हवा ओढतो. ३००० धरा. प्रत्येक घनमीटरातून एकच ग्रॅम वाफ कॉइलवर बसली तरी तासाला ३ किलो बर्फ झाला. बारा तासांत ३६ किलो, म्हणजे दोन भरलेल्या बादल्या. हा आकडा जरा मनात धरून ठेवा, कारण माझं सगळं म्हणणं त्या दोन बादल्यांभोवती आहे.

तो बर्फ यंत्र स्वतःच उतरवतं. त्याला डीफ्रॉस्ट म्हणतात. कॉइलवर बर्फ साचल्याचं सेन्सरवरून कळलं की गॅसची दिशा बदलणारा एक व्हॉल्व्ह उलटा फिरतो. तुम्हाला ऐकू येतो तो सुस्कारा याच व्हॉल्व्हचा. बाहेरचा पंखा थांबतो, घरातली थोडी उष्णता उलटी बाहेर येऊन कॉइल तापवते, बर्फ वितळून खाली ओघळतो आणि ओल्या गरम कॉइलवरून वाफ उठते. सासूबाईंना दिसली ती हीच. त्या वेळी रेडिएटर कोमट होतात, कारण घरातली ऊब काही मिनिटांसाठी उसनी घेतलेली असते. साधारण तीन ते दहा मिनिटांत सगळं आटोपतं. दमट गारठ्यात हे दर तासा-दीड तासाने घडलं तरी काळजीचं कारण नाही. सासूबाईंना खिडकीपाशी बसवून एकदा हा सगळा प्रकार दाखवा. धुराला जळका वास असतो, वाफेला नसतो, हेही सांगा. घराला बाहेर काढण्यात त्यांचं काहीच चुकलं नाही.

काळजी कधी करायची? डीफ्रॉस्ट होऊन गेल्यावरही कॉइलवर जाड बर्फ तसाच असेल तर. एकाच कोपऱ्यात जाड बर्फ आणि बाकीची कॉइल कोरडी असेल तर, कारण मग गॅस कमी झाल्याची शंका घ्यावी लागते. तासन्‌तास बर्फ धरलेला असूनही डीफ्रॉस्टच होत नसेल, किंवा उलट दर पंधरा-वीस मिनिटांनी होत असेल तर. पंखा बर्फाला घासल्याचा खरखराट आला तर मात्र वाट पाहायची नाही, कंट्रोलरवरून ताबडतोब बंद करायचं. पंख्याचं पातं तुटून कॉइलवर आदळलं तर मोठं नुकसान होतं.

आणि मग राहिलं तुमचं ते जाता जाता लिहिलेलं वाक्य. सबंध पत्रात मला सर्वांत महत्त्वाचं तेच वाटलं. खालून वर चढणारा बर्फ कॉइलवर धरलेला नसतो, तो वितळलेल्या पाण्याचा असतो. तुमचं युनिट कॉइलवरचा बर्फ बहुधा नीट उतरवतंय. त्या दोन बादल्या पाणी खाली येतंय, पण तळाच्या पत्र्यावरून बाहेर पडायच्या आत गोठतंय. पुढच्या डीफ्रॉस्टचं पाणी त्यावर, त्याच्या पुढचं त्यावर. असं करत करत वारूळ पंख्यापर्यंत येतं. कॉइलच्या खालच्या नळ्या त्या बर्फात अडकल्या की त्या चेपल्या जाऊ शकतात. तेव्हा 'बर्फ कसा थांबवू' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. तो थांबत नसतो. 'वितळलेलं पाणी कुठे जातं' हे विचारा.

उजेडी वाकून तळ पाहा. तळाच्या पत्र्याला पाणी जायला भोकं असतात. ती पानांनी, कचऱ्याने, चिखलाने बुजलेली असतात का? कधीकधी बसवणाऱ्याने त्यांत रबरी बुचं बसवून एकाच भोकाला बारीक पाइप जोडलेला असतो. ऊबदार हवामानात ती पद्धत चांगली, पण गारठ्यात तो पाइप आधी गोठतो आणि मग सगळं पाणी वर तुंबतं. थंड प्रदेशात सगळी भोकं उघडी ठेवून पाणी सरळ खाली पडू द्यावं, हे उत्तम. खाली काँक्रीट असेल तर ते तिथेच गोठून पुन्हा वर चढतं, म्हणून युनिटच्या खाली खडी भरलेला शोषखड्डा हवा. पाणी पायवाटेवर येत असेल तर तेही आजच पाहा. गोठलेल्या पायवाटेवर सासू-सासऱ्यांपैकी कुणी घसरलं तर यंत्राचं दुखणं बाजूलाच राहील.

पाइप लावल्यावाचून गत्यंतरच नसेल, म्हणजे युनिट वाटेच्या वर किंवा गच्चीवर असेल, तर पाइप जाड घ्यावा, त्याला चांगला उतार द्यावा, आवरण घालावं आणि आतून तापणारी वायर टाकून घ्यावी. तळाच्या पत्र्यालाही हीटर मिळतो. काही युनिटांत तो आधीच असतो, काहींत वेगळा बसवता येतो. तो थंडीतच आणि डीफ्रॉस्टच्या सुमारासच चालू होईल असा असावा, नाहीतर दिवसरात्र वीज खात राहतो. तुमच्या वारुळाला बहुतेक हाच उपाय लागेल, असं मला वाटतं, पण भोकं आणि खडी आधी बघा. नुसता हीटर लावून पाण्याला वाट दिली नाही तर ते पत्र्याखाली गोठेल.

युनिट जमिनीला टेकलेलं आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर या हिवाळ्यानंतर ते उचलून घ्या. तुमच्याकडे जास्तीत जास्त हिम साचतं त्याच्याही वर, निदान वीतभर तरी अंतर राहील एवढ्या उंचीच्या पायांवर ते हवं. तळाखाली मोकळी जागा असली की पाणी पडायला ठिकाण मिळतं आणि साचलेल्या हिमात युनिटचं तोंड बुडत नाही. भिंतीवर टांगता येतं, पण मग थरथर घरात उतरते. झोपायच्या खोलीची भिंत असेल तर मी जमिनीवरचं स्टँडच घेईन.

वर पण बघा. वळचणीखाली युनिट बसवणं सोयीचं वाटतं. आमच्या घरी असंच बसवून दिलं होतं, आणि पहिल्या हिवाळ्यात दिवसा छपरावरचं हिम वितळून पागोळ्या थेट युनिटवर गळायच्या आणि रात्री त्यांची काच व्हायची. कॉइलवरचं दहिवर भुसभुशीत असतं, डीफ्रॉस्टमध्ये सहज उतरतं. पागोळ्यांचा बर्फ टणक असतो आणि तो उतरवण्याचा हिशोब यंत्रात धरलेलाच नसतो. आम्ही वरची पन्हळ दुरुस्त केली, युनिटवर पुढे उतार असलेलं छोटं छप्पर घातलं, आणि तो त्रास संपला. तुमच्याकडची पन्हळ गळते का, हे एखाद्या उन्हाच्या दुपारी पाच मिनिटं उभं राहून पाहा.

छप्पर आणि ताडपत्री यांत मात्र फरक आहे. छप्पर वरून येणारं अडवतं, ताडपत्री हवा अडवते. युनिटला श्वास घ्यायला मागून आणि सोडायला पुढून मोकळीक लागते. झाकलेलं युनिट आपलीच सोडलेली गार हवा पुन्हा आत ओढतं, कॉइल आणखी थंड होते, बर्फ आणखी लवकर धरतो. सुंदर दिसावं म्हणून भोवती लाकडी कपाट करणाऱ्यांचंही हेच होतं. चालू युनिटवर ताडपत्री नको म्हणजे नको. किती मोकळी जागा सोडायची हे युनिटच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, आणि त्यात साचलेलं हिमही धरायचं. मोठ्या हिमवर्षावानंतर युनिटभोवतीचं मऊ हिम फावड्याने आणि हाताने बाजूला करणं, हे घरच्यांनी करण्याजोगं खरं काम आहे. यजमानांची बाहेर जायची तळमळ तिथे खर्ची पडू दे, दिवसाउजेडी.

रात्री स्विचवरून बंद करण्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. तुमच्याकडे रेडिएटर पाण्याचे आहेत. असे अनेक हीट पंप एकसंध असतात, म्हणजे घरात फिरणारं पाणी थेट बाहेरच्या युनिटपर्यंत जातं. कडाक्यात ते गोठू नये म्हणून यंत्र स्वतःच मधूनमधून पाणी फिरवत राहतं. तुम्ही वीजच तोडली की ही राखण थांबते. आतलं पाणी गोठून फुगलं की युनिटच्या पोटातला उष्णता देणाराघेणारा भाग फुटू शकतो, आणि हे नुकसान बर्फाच्या वारुळापेक्षा कितीतरी मोठं आहे. काही घरांत पाण्यात न गोठणारं द्रव्य मिसळलेलं असतं, काही ठिकाणी पाणी फार थंड झालं की ते आपोआप बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. तुमच्याकडे यांपैकी काय आहे ते बसवणाऱ्याला विचारा. ते नक्की कळेपर्यंत गारठ्यात त्या स्विचला हात लावू नका. कॉम्प्रेसरमधलं, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या भागातलं, तेल गरम ठेवणारा छोटा हीटरही त्याच विजेवर असतो, म्हणून बराच वेळ बंद असलेलं युनिट कडाक्यात लगेच जोरात चालवायचं नसतं.

शिवाय या बंद-चालूने बर्फही वाढतो. रात्रभर घर थंड होतं आणि पहाटे, जेव्हा बाहेर गारठा आणि ओल दोन्ही ऐन भरात असतात, तेव्हा तुम्ही यंत्राला पूर्ण जोराने पळायला लावता. कॉम्प्रेसर जितका जोरात तितकी कॉइल थंड, आणि तितकं दहिवर दाट. जुन्या बॉयलरला ही पद्धत चालायची, कारण तो भराभर घर तापवायचा. हीट पंपाला संथ चाल मानवते. थर्मोस्टॅट रात्री एक-दोन अंशांनी खाली आणा हवं तर, त्याहून जास्त नको. रेडिएटरमध्ये जाणारं पाणीही घर ऊबदार राहील इतपतच गरम ठेवा. यात वीजही वाचते, ज्यासाठी तुम्ही एवढी धडपड करताय.

रिकाम्या खोल्यांचे रेडिएटर बंद करणं हा यातलाच भाग, पण हे सहसा कुणी सांगत नाही म्हणून जरा थांबते. डीफ्रॉस्टला लागणारी उष्णता बरीचशी घरात फिरणाऱ्या पाण्यातून येते. एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात, तीन किलोला सुमारे हजार. घरात ५० लिटर पाणी फिरत असेल तर तेवढी उष्णता देऊन ते साधारण ५ अंशांनी थंड होईल. अर्ध्याहून जास्त रेडिएटर बंद करून १५ लिटरच फिरतं ठेवलं, तर तेच पाणी १५-१६ अंशांनी उतरेल. हिशोब ढोबळ आहे, थोडी उष्णता कॉम्प्रेसरही देतो, पण रोख कळावा. पाणी फार थंड झालं की यंत्र स्वतःला जपण्यासाठी डीफ्रॉस्ट अर्धवट सोडतं. उरलेल्या बर्फावर पुढचा थर बसतो, आणि दोन-तीन फेऱ्यांत कॉइल बुजते. म्हणून निदान काही मोठे रेडिएटर कायम पूर्ण उघडे ठेवा. घरात बफर टाकी, म्हणजे फिरत्या पाण्याचा साठा वाढवणारी छोटी टाकी, आहे का, तेही विचारून घ्या.

ज्या वाचकांकडे पाण्याचे रेडिएटर नाहीत, थेट गरम हवा सोडणारं यंत्र आहे, त्यांच्यासाठी याच जागी घरातला फिल्टर येतो. त्यांच्याकडे डीफ्रॉस्टची उष्णता घरातल्या हवेतून घेतली जाते. धुळीने बुजलेला फिल्टर म्हणजे कमजोर डीफ्रॉस्ट. हिवाळ्यात तो महिन्यातून एकदा तरी काढून पाहावा.

सध्या जे वारूळ तयार झालंय त्याचं काय? पुस्तिकेत किंवा कंट्रोलरच्या मेनूत हाताने डीफ्रॉस्ट सुरू करायची सोय आहे का पाहा, बऱ्याच यंत्रांत असते. नसेल, तर शून्याच्या वरचा दिवस निवडा. आधी कंट्रोलरवरून बंद करा, पंखा पूर्ण थांबू द्या, मगच बाहेरचा स्विच बंद करा. भोकं मोकळी करता करता कोमट पाणी वरून हळूहळू ओता. तासाभरात काम उरका आणि वीज परत सुरू करा. उकळतं पाणी नको. तापलेल्या-गारठलेल्या धातूला असे झटके सोसत नाहीत. मीठ मुळीच नको, ॲल्युमिनियमला ते खाऊन टाकतं. जोराच्या फवाऱ्याने पत्रे वाकतात. आणि ज्योत किंवा हीट गन कुणी सुचवली तर स्पष्ट नाही म्हणा. आर-२९० हा प्रोपेनच आहे, आर-३२ सुद्धा पेट घेऊ शकतो. बाहेर उणे १० असताना पाणी ओतू नका, ते तिथेच गोठेल. अशा वेळी तंत्रज्ञाची वाट पाहणं बरं. तोवर घर गरम ठेवायला तुमच्या यंत्रात विजेचा राखीव हीटर असेल तर तो चालवा. वीज जास्त जाईल, पण काही दिवसांचाच प्रश्न आहे.

तंत्रज्ञाला बोलावताना 'बर्फ होतोय' एवढंच सांगू नका, कारण तोही 'थंडीत होतो' म्हणून परत जाईल. तळाची भोकं आणि बुचं, तळाच्या पत्र्याचा हीटर, डीफ्रॉस्टचा सेन्सर, दिशा बदलणारा व्हॉल्व्ह, गॅसचं प्रमाण, पाण्याचा प्रवाह: यांतलं काय तपासलं ते एकेक विचारा. वाकलेले पत्रे सरळ करायला एक खास कंगवा असतो, तो घेऊन या म्हणावं. यजमानांनी स्क्रूड्रायव्हर वापरल्याचं लपवू नका, म्हणजे कुठे गळती झाली आहे का ते तो नीट पाहील.

बॉयलर परत आणायचा का? आज तरी ती घाई ठरेल, असं मला वाटतं. तुमच्या पत्रात यंत्र थंडीला पुरत नाही असं कुठेच नाही. घर गारठतं ते तुम्ही बंद केल्यावर. पाण्याची वाट सुधारून, रात्री चालू ठेवून एक हिवाळा जाऊ द्या. त्यानंतरही घरात पुरेशी ऊब येत नसेल, तर निवडलेलं यंत्र घराच्या मानाने लहान आहे का, घराच्या भिंती आणि खिडक्या फार उष्णता गळू देतात का, हे तपासावं लागेल. अगदी कडाक्याच्या दिवसांपुरती दुसरी सोय जोडून ठेवणारी घरंही असतात, आणि त्यात हार-जीत काही नसते. मात्र हा निर्णय स्क्रूड्रायव्हर आणि ताडपत्रीच्या दिवसांवरून घेऊ नका. या महिन्यात तुम्ही यंत्राची परीक्षा घेतलीच नाही, त्याची वाट अडवली.

राहता राहिलं ते 'मीच आणलं'. हे तुम्ही पत्रात तीन वेळा लिहिलंय. घरात एखादी नवी गोष्ट आणणाऱ्या माणसावर तिच्या प्रत्येक कुरबुरीची जबाबदारी येते, हे मला ठाऊक आहे. पण युनिटखाली खडी घालायची की काँक्रीट, बुचं ठेवायची की काढायची, हे तुम्ही ठरवलं नव्हतं. ज्यांनी ठरवलं त्यांना आता विचारायचं आहे, बस. आणि सासऱ्यांना वादात हरवायला जाऊ नका, त्यांची मदत मागा. घरात आयुष्यभर बॉयलर सांभाळलेला माणूस आवाजावरून यंत्राची नाडी ओळखतो. त्यांना एक वही द्या. बाहेरचं तापमान, हवा कोरडी की दमट, डीफ्रॉस्ट कधी सुरू झालं, किती मिनिटं चाललं, नंतर कॉइल स्वच्छ झाली का, तळाशी पाणी होतं का बर्फ. दिवसा खिडकीतून जेवढं दिसेल तेवढंच, रात्रीचं काही नको. तीन-चार दिवसांच्या अशा नोंदींवरून चांगला तंत्रज्ञ अर्धं निदान करतो. तो आला की वही सासऱ्यांनाच त्याच्या हातात देऊ द्या, आणि आज रात्रीपासून दोनचा गजर लावू नका.